चकचकीत गोळा

परग्रहाभोवतीचं विद्युतक्षेत्र मोजायला आम्ही पुण्यातल्या प्रयोगशाळेत लिंबाएवढा धातूचा गोळा बनवला होता. त्यावर काळा लेप होता. उघडं बोट लागलं तरी मोजमाप चुकलं असतं, म्हणून अकरा वर्षं मी हातमोज्यांशिवाय कोणालाही त्याला शिवू दिलं नाही. जुन्या साहेबांवरही एकदा खेकसलो होतो. मग यानाचं वजन जास्त भरलं आणि नेमकं आमचंच उपकरण वगळलं गेलं.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात नव्या साहेबांनी शाल-नारळासोबत तोच गोळा लाकडी ठोकळ्यावर बसवून पुढे केला.

“फारच काळपट दिसत होता हो. छान घासून घेतलाय!”

सवयीनं मी हातमोज्यांसाठी खिसा चाचपला. मग उघड्या हातांनीच तो घेतला आणि फोटोसाठी हसलो.