फळीवरचा पाय

जुन्या हुबळीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात प्रेमानंदला दुसऱ्यांकडे बघण्याचा पगार मिळे. कोण किती वेळ कुठल्या कामात घालवतो, ते दर दहा मिनिटांनी तक्त्यात भरायचं: चढवणं, उतरवणं, मोजणी, रिकामा. धारवाडहून बी.कॉम. झालेला, सावलीत बसून कमावणारा घरातला पहिलाच. हमालांची दुपारपर्यंत एक तरी मारामारी ठरलेली. भरमानं एकदा पोती ओढायच्या हुकानं एकाचा कान फाडला. तक्त्यात मारामारीला रकाना नव्हता. प्रेमानंदनं ती वीस मिनिटं शेऱ्यात 'परस्पर समन्वय' म्हणून दाखवली. मॅनेजर सुमंतना समन्वय पाहून बरं वाटलं.

भरमाची मावशी लक्कव्वा ट्रकला लावलेल्या फळीच्या खालच्या टोकाशी दिवसभर उभी असे.

"अक्का, तू नक्की काय करतेस?"

"उभी राहते की, तम्मा," धाकट्या भावाला सांगावं तसं ती म्हणाली. "दिसत न्हाई?"

दिसत होतं. पाच तास दहा मिनिटं, रिकामी. शनिवारी सुमंतनी तिला कामावरून काढलं.

तिचा एक पाय कायम फळीवर रोवलेला असे, आणि त्या पायामुळे गुळगुळीत फरशीवरून फळी सरकत नसे. हमालांना हे सांगण्यासारखं वाटलं नाही. श्वास घेतो हे कोण सांगतं? सोमवारी पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन भरमा चढला, फळी निसटली आणि पोत्यासकट तो ट्रकच्या लोखंडी फाळक्यावर आदळला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. फरशीवर रक्ताचं थारोळं झालं. प्रेमानंद तक्ता घेऊन उभा राहिला. कुठल्या रकान्यात लिहावं ते त्याला सुचेना.

तासाभरात लक्कव्वा आली. भाच्याचा हूक उचलून तिनं हुकाची बोथट बाजू प्रेमानंदच्या खांद्यावर घातली. दुसरा घाव कपाळावर बसला. तो पडल्यावर तिनं त्याच्या छातीवर गुडघा ठेवला.

"आता लिही! लक्कव्वा रिकामी हाय, लिही!"

चौघांनी मिळून तिला ओढलं. प्रेमानंदच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळाला नऊ टाके पडले.

संध्याकाळी दवाखान्यात सुमंत पोलिसात द्यायची तक्रार तयार करूनच आले. "सही कर. बाई आत जाईल, प्रश्न मिटला."

प्रेमानंदनं डाव्या हातानं आणखी एक कागद पुढे केला. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण मजकूर लागत होता: फळी धरणारी बाई माझ्या चुकीच्या तक्त्यावरून काढली, सोमवारी हमालाचा पाय मोडला.

"सर, दोन्ही कागद पोलिसांत जातील, नाहीतर एकही नाही. आणि अक्का उद्यापासून कामावर."

"तुझी नोकरी जाईल रे."

"जाऊ दे."

सुमंतनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग तक्रार फाडली. आपला तोटा कशात कमी, ते त्यांना नेहमीच लवकर कळे.

महिनाअखेर प्रेमानंद सुटलेल्या नोकरीचा हिशेब घ्यायला गोदामात गेला, हात झोळीत. फळीशी लक्कव्वा उभी होती. भरमा अजून कुबडीवर होता. तिनं प्रेमानंदकडे पाहिलं, पाय मात्र उचलला नाही.

"खांदा जुळला का, तम्मा?"

"जुळतोय, अक्का."

"पुरा जुळला की कळव. दुसरा राहिलाय अजून."