हार्ड डिस्कवरची चार नावे

झाशीत तेहतीस वर्षे वर्दी घातली. खुनाच्या केसेस विसरलो, पण एका हार्ड डिस्कच्या चोरीची केस विसरता येत नाही.

खंडेराव गेटजवळच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मालकाने फिर्याद दिली. त्याचा रेकॉर्डिस्ट डिस्क घेऊन पळाला होता. तिच्यावर एका बुंदेली लग्नगीताचे मूळ रेकॉर्डिंग होते. तिसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितले, माणूस समथरला बहिणीकडे आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा तो ओट्यावर मटार सोलत बसला होता. पळालेला माणूस असा बसत नाही, हे मला तिथेच खटकले.

ठाण्यात आणले. तोही आमच्यासारखाच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातला. चोरी लगेच कबूल केली. कारण विचारले तर म्हणाला, "दरोगाजी, आधी ऐका, मग लिहा."

ठाण्याचा कारकून असलेल्या मुन्शीच्या कॉम्प्युटरला डिस्क जोडली. गाण्याआधी माणसे बोलत होती. एकेक जण आपले नाव, वाद्य आणि गाव सांगत होता. ढोलक, हार्मोनियम, झांज. शेवटी एक म्हातारी खोकली, नाव सांगितले, "गरौठा" म्हणाली आणि गाऊ लागली. हवालदाराने हातातला चहा खाली ठेवला.

प्रत्येक रेकॉर्डिंगआधी हा रेकॉर्डिस्ट सगळ्यांना असे बोलायला लावत असे. मालकाने तेवढा भाग कापून गाणे इंटरनेटवर टाकले. गायिका म्हणून आपल्या सुनेचे नाव दिले, बाकी सगळीकडे स्वतःचे. म्हातारी त्याच थंडीत वारली. मूळ डिस्क पुसायचा मालकाचा हुकूम झाला आणि याने ती उचलली.

"यात तुझं नाव कुठे आहे?" मी विचारले.

"बटण दाबणाऱ्याचं नाव कोण घेतं, साहेब?"

माझा त्याच्यावर विश्वास बसला. तरी पंचनाम्यात मी नेहमीसारखेच लिहिले: काळ्या रंगाची हार्ड डिस्क, एक, चालू स्थितीत. आतल्या आवाजांबद्दल एक ओळ नाही. प्रतही काढली नाही. न्यायालयाच्या आदेशाने डिस्क मालकाला परत गेली, माझ्याच सहीने.

आठ दिवसांनी म्हातारीची मुलगी गरौठ्याहून आली. "साहब, अम्मा को नाव लिखवा दो. और कछू नईं चाने." गाण्यावर आईचे नाव, एवढेच तिचे मागणे होते.

मालकाला बोलावले. त्याने नम्रपणे हात जोडले. "डिस्क तो साफ करवा ली, दरोगाजी. हमारी चीज थी." कागदावर तो खरा होता. मी साक्ष द्यायला तयार झालो, तर मुलीच्या वकिलाने विचारले, पंचनाम्यात कुठे आहे? लिहिले नाही ते घडले नाही, हे मीच नव्या शिपायांना शिकवत असे.

आता ते गाणे इथल्या प्रत्येक वरातीत वाजते. म्हातारीचे नाव इथे छापले तर मालक दावा लावेल, म्हणून तेही गाळावे लागले आहे. बाकी तिघांची नावे मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. एकही आठवत नाही.

निवृत्तीनंतर ती नावे विचारायला रेकॉर्डिस्टकडे गेलो. तो एका लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकर बांधत होता. वळून न बघता म्हणाला, "तुम्ही ऐकली होती ना, साहेब?" आणि तार ओढत राहिला.