पावडर डिपार्टमेंटमधली माणसं

बाबांच्या उशीचे अभ्रे आई वेगळ्या बादलीत भिजवायची. त्यांवर बाबांच्या डोक्याचा केशरी आकार उमटलेला असायचा. साबण, सोडा, दोन दिवसांचं ऊन, कशानंही तो जात नसे. बाबा शहराच्या कडेला एका रंगाच्या कारखान्यात होते. कापडाला लावायचा रंग. नांदेडकडच्या गावाहून ते हैदराबादला आले तेव्हा त्यांना पावडर डिपार्टमेंटमध्ये घेतलं आणि कारखाना बंद पडेपर्यंत ते तिथंच राहिले. वाळलेला रंग ट्रेमधून खरवडायचा, चाळायचा, ड्रममध्ये भरायचा, हे त्यांचं काम.

विद्यानगरला आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा घरी आले की कुणाशी न बोलता आधी मोरीत जायचे. कितीही घासलं तरी कानामागे आणि नखांच्या कडेला रंग उरायचाच. गल्लीतली मुलं विचारायची, तुमच्याकडे रोज होळी असते काय? मला त्याचा राग येत नसे. उलट वाटायचं, आपले बाबा ओळखू येतात.

कारखान्यात प्रत्येकाला रोज गुळाचा खडा मिळायचा. नाकातोंडात गेलेली धूळ गूळ खाली नेतो, असं तिथं सगळे मानत. बाबा तो खात नसत, कागदात गुंडाळून आमच्यासाठी आणत. मी आणि दादा दारातच तो वाटून खायचो. कागदावर त्यांच्या बोटांचे केशरी ठसे असायचे. आता पन्नाशी उलटली, तरी गूळ चिरताना माझा हात मध्येच थांबतो. आपण गुळाबरोबर काय खाल्लं, ते मला माहीत नाही आणि आता ते कुणी सांगूही शकणार नाही.

तिथल्या माणसांची लघवीसुद्धा लालसर व्हायची. त्याचं कुणाला काही वाटत नसे. बाबांचा एक जोडीदार होता, वरंगलकडचा, भारदस्त आवाजाचा. तो सुटीच्या दिवशी घरी यायचा आणि दख्खनीत मोठ्यानं म्हणायचा, "अपने कू रंग की कमी नक्को बोलो भाई, अपना तो मूतना बी कलर में है!" बाबा हसून लोटपोट व्हायचे. आई चहाचे कप घेऊन आत पळायची.

दादा बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा बाबांनी सुपरवायझरच्या घरी खेपा घातल्या. महिनाभर मागे लागून त्याला आपल्याच डिपार्टमेंटमध्ये चिकटवला. पहिल्या दिवशी आईनं त्याला नवा शर्ट घातला. बापलेक एकाच बसनं जायचे, एकाच रंगाचे होऊन परत यायचे. दादाला ते काम आवडत नव्हतं. घसा जळतो म्हणायचा. चौथ्या वर्षी तोंडाला बांधायच्या फडक्यावरून त्याचं सुपरवायझरशी भांडण झालं आणि तो कारखान्यातून निघून आला, तो परत गेलाच नाही.

"मला मान खाली घालायला लावलीस," बाबा म्हणाले. "अशा नोकरीसाठी लोक रडतात."

वर्षभर ते त्याच्याशी बोलले नाहीत. ताट वाढलेलं असलं तरी दादा येऊन बसला की ते उठायचे. पुढं दादानं दिलसुखनगरला कोचिंग क्लासेसच्या गर्दीत वह्यापुस्तकांचं दुकान टाकलं, ते चाललं, मग हळूहळू बोलणं सुरू झालं. पण बाबांनी त्या दुकानात पाय ठेवला नव्हता.

कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बाबा म्हातारे झाले होते, मी शाळेत शिकवत होते. एका सकाळी आई मला म्हणाली, "बाबांचं काहीतरी बघ. मोरीत लाल दिसतंय." मी बाबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "किती दिवस झाले, होतं तसं अधूनमधून. जुना रंग निघतोय."

त्यांना दुखत नव्हतं. लाल बघायची सवय होती. माणूस घाबरतो तो रक्ताला, आणि बाबांना ते रक्त वाटलंच नव्हतं. त्या वाक्यापायी मी किती रात्री जागले आहे, ते मोजलेलं नाही.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर भला होता. दुर्बिणीनं तपासणी झाली. लघवीच्या पिशवीत कॅन्सर होता आणि तो खोल गेला होता. डॉक्टरनं केस लिहिताना विचारलं, "सिगारेट? बिडी?"

"कधीच नाही."

"तंबाखू?"

"नाही."

त्यानं मान वर करून पाहिलं. मग बाबाच म्हणाले, "रंगात होतो साहेब."

"पेंटर?"

"नाही. रंग बनवायचो."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "किती वर्षं? तुमच्याबरोबरचे बाकीचे कुठं आहेत?"

बाबांनी वर्षं सांगितली. बाकीच्यांचं उत्तर पंधरा दिवसांनी त्याच दवाखान्यातल्या बाकावर मिळालं. रांगेत आमच्यापुढं एक बाई बसली होती. तिनं वळून बाबांकडं एकटक पाहिलं आणि तेलुगू वळणाच्या हिंदीत विचारलं, "आप पावडरवाले ना?" ती त्या वरंगलकडच्या जोडीदाराची बायको होती. तो आत होता. त्याची लघवीची पिशवी काढून टाकली होती. बाहेर आला तेव्हा तो भारदस्त आवाज उरला नव्हता. दोघं एकमेकांचे हात धरून बसले. मग तो म्हणाला, "चाळणीवाला बी गया. यहीच बीमारी."

घरी आल्यावर बाबांनी माझी शाळेची वही मागितली. कारखाना सुटल्यावर हात धुवायच्या नळावर जी रांग लागायची, ती त्यांनी डोळे मिटून आठवली. पहिला कोण, त्याच्यामागं कोण. मी नावं लिहीत गेले. काही नावांपाशी ते थांबायचे, "हा गेला, कशानं ते ठाऊक नाही," म्हणायचे.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत, उपचारांच्या मधल्या दिवसांत, माझ्या स्कूटरवर मागं बसून ते एकेकाच्या घरी गेले. आबिड्सला कंपनीचं जुनं ऑफिस होतं, तिथं आधी गेलो. कोण कुठल्या डिपार्टमेंटमध्ये होता याचा कागद हवा होता. वरच्या मजल्यावर आता साड्यांचं गोदाम होतं. तिथल्या माणसाला कंपनीचं नावही माहीत नव्हतं. बाबा त्या जिन्यावर टेकले. पाच मिनिटांनी उठून म्हणाले, "चल. कागद नसला तर नसला, माणसं आहेत."

काही घरांत फक्त हार घातलेला फोटो भेटला. अशा घरी बायका सांगायच्या, "शेवटी लघवीतून रक्त जायचं," आणि बाबा खाली बघत राहायचे. एका घरात जोडीदार जिवंत, धडधाकट होता. नातवाला खेळवत होता. बाबांनी सगळं सांगून झाल्यावर तो उठला आणि दार उघडून उभा राहिला.

"मला काही झालेलं नाही. घरात असलं बोलू नका."

"एकदा तपासून घे. दुखत नाही म्हणून बसू नको."

"जयभीम," तो म्हणाला. म्हणजे निघा.

स्कूटरवर बाबा माझ्या पाठीला डोकं टेकून बसले होते. मला त्यांचा श्वास पाठीवर जाणवत होता. पण दुसऱ्या एकानं ऐकलं. तो बसचा ड्रायव्हर झाला होता. त्यानं तपासणी करून घेतली, फोडासारखं लहानसं काही सापडलं, ते काढलं. तो अजून आहे. सणाला फोन करतो.

वहीतलं शेवटचं नाव दादाचं होतं. ते बाबांनी मला लिहू दिलं नव्हतं, स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

त्या नावाची पाळी आली त्या दिवशी ते पहिल्यांदा दादाच्या दुकानात गेले. मुलामुलींची गर्दी होती. दादानं त्यांना स्टुलावर बसवलं, पंखा त्यांच्याकडं वळवला. बाबांनी गर्दी ओसरेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाले, "मी तुला तिथं नेलं."

"बाबा, नोकरी होती. कोणीही नेलं असतं."

"मी सुपरवायझरच्या पाया पडलो होतो रे."

दादा वह्यांचा गठ्ठा सरळ करत राहिला.

"तू भांडलास ते बरं केलंस," बाबा म्हणाले. "तेव्हा मला कळायला पाहिजे होतं. बोललो नाही तुझ्याशी वर्षभर." मग त्यांनी दादाचा हात उलटा करून नखं बघितली, लहान मुलाची बघतात तशी. नखं स्वच्छ होती. दादा पाठ फिरवून दुकानाच्या आतल्या बाजूला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

बाबा पुढच्या उन्हाळ्याआधी गेले. दादाची पहिली तपासणी चांगली आली होती, ते त्यांनी ऐकलं. डॉक्टरनं दरवर्षी यायला सांगितलं होतं. दुखणं वीस-तीस वर्षंही दबा धरून राहतं, असं तो म्हणाला होता. दादा तीन वर्षं तपासणीला गेला. मग दुकान, मुलांची लग्नं, अशी कारणं सुरू झाली. मी फोन केला की तो चिडायचा. "मी आजारी नाही. तू मला बाबांच्या डोळ्यांनी बघतेस." ते खरं होतं. त्याच्याकडं गेले की तो बाथरूममधून बाहेर आल्यावर माझी नजर आधी दाराकडं जायची.

गेल्या वर्षी, गौतम बुद्धांच्या जयंतीला सगळे जमलो होतो. खिरीची वाटी हातात घेऊन दादा माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "तुझ्या वहिनीला सांगू नको. दोनदा लाल दिसलं."

मी माझी वाटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो.

लहान होतं. वरवरचं होतं. दुर्बिणीनंच काढलं. डॉक्टर आता दुसरा आहे, बाई आहे. तिला आम्ही सगळं पहिल्यापासून सांगितलं, बाबांचं, नळाच्या रांगेचं, दादाच्या तिथल्या चार वर्षांचं. तिनं विचारलं, "त्या डिपार्टमेंटमधले आणखी कोणी आहेत का?" दादा म्हणाला, "आहेत. मी आणतो." त्याच्या तोंडून हे ऐकून मला रडू आलं, आणि ते तिनं पाहू नये म्हणून मी पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत बसले.

आता दर तीन महिन्यांनी त्याला जावं लागतं. मी शाळेतून अर्धी रजा टाकते. तो आत असतो तेवढा वेळ बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हात मी बघते. कुणाच्या नखांशी काही दिसतं का ते बघते. इतक्या वर्षांनी दिसणार नाही हे माहीत असूनही बघते. परवा दादा बाहेर आला तेव्हा मी उभी राहिले.

"काय म्हणाल्या?"

"साफ आहे. पावसाळ्यानंतर या म्हणाल्या."

मग आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला. तो घाईनं प्यायला, कारण क्लासेस सुटायची वेळ झाली होती आणि त्याला दुकान उघडायचं होतं.