चॅपेलखालचा कोळसा

समजा, चहाच्या भरलेल्या कपांचा ट्रे हातात आहे आणि ब्रॅकनलॉ गावच्या चॅपेलमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या प्रार्थनाघरात, तुम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचंय. नेहमीसारखे चालाल, तर निम्मा चहा बशीत. एक खांदा किंचित वर धरून, बोटीत चालावं तसं पावलं दाबत जायचं. एनिड टीसडेलला हे लहानपणापासून जमतं. चॅपेल ईशान्येच्या कोपऱ्याकडे कललेलं आहे आणि त्याची देखभाल तीच करते.

गावची कोळशाची खाण बंद होऊन पिढी उलटली. चौकात खाणीत माणसं उतरवणाऱ्या पाळण्याचं अर्धं चाक सिमेंटमध्ये रोवलंय, खाणकामगारांच्या क्लबात गालिच्यांचं दुकान आलंय, खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगावर मेंढ्या चरतात. एनिड पाहुण्यांना हे सगळं फिरवून दाखवते आणि शेवटी चॅपेलमध्ये चहा पाजते. मुलं जमिनीवर गोट्या सोडतात. त्या आपल्याआप कोपरा गाठतात.

यंदा मात्र भिंतीला नवी भेग पडली. नगरपालिकेची इंजिनियर आली, वाकून बघून म्हणाली, "खाली आधाराला न खणता सोडलेला कोळशाचा खांब शिल्लक असेल तर इमारत वाचेल. नसेल तर शुक्रवारी कुलूप."

"खाणीच्या नकाशात आहे की खांब!" एनिड म्हणाली. चॅपेलखालचा कोळसा काढायचा नाही, हा खाणीचा नियमच होता.

"मग चॅपेल कललं कशानं?"

गावात हा प्रश्न निघाला की लोक हवापाण्यावर बोलू लागत. एनिड तडक कथबर्ट रॉबसनकडे गेली. चॅपेलखालच्या त्या कोळशाच्या थरात राबलेल्यांपैकी आता तोच उरला होता. म्हातारा परसात कबुतरांना दाणे टाकत होता.

"काका, चॅपेलखाली कोळसा आहे का?"

"आहे तर. देवाच्या मालाला कोण हात लावेल?"

"मग गोट्या काय देव ढकलतो?"

"तुझा बाप मुकादम होता तिथे. त्याला विचारायचं होतंस."

"बाबा आता कुठे आहेत सांगायला? काका, शुक्रवारी कुलूप लागतंय."

म्हातारा दाण्यांच्या डब्यात बोटं फिरवत राहिला.

"पोरी, मजुरी कोळशाने भरलेल्या गाड्या मोजून मिळायची. बाकी सगळीकडे दगडासारखा थर, आणि चॅपेलखाली लोण्यासारखा. कोपरा तेवढा खाल्ला आम्ही. मधल्याला हात नाही लावला, आईशप्पथ!"

"आणि रविवारी वर येऊन भजनं म्हणायचात?"

"त्याच कोपऱ्यात बसून! बाक खचायला लागले, तसे आम्ही आणखी जोरात गायला लागलो."

"इतकी वर्षं तोंड का नाही उघडलंत?"

"चॅपेलचा चोर म्हणून शवपेटीत जाऊ? आणि तुला कसं सांगणार? तू तर माझं चॅपेल म्हणून मिरवतेस."

इंजिनियरने त्याच्या सांगण्यावरून जमिनीत दोन ठिकाणी भोकं पाडली. कोपऱ्यात पोकळी लागली. मध्ये मात्र नळीतून काळाभोर, अखंड कोळसा वर आला. कोपऱ्यात सिमेंट भरायचं ठरलं आणि कुलूप टळलं.

त्या दुपारी एनिडने कथबर्टला पहिल्या बाकावर बसवलं, हॅम भरलेला जाड पाव त्याच्या हातात दिला. समोर प्रवचनाचा मंच होता. आठवडाभर मुकादम म्हणून खाणीतल्या भिंती ठोकून तपासणारे तिचे बाबा रविवारी प्रवचन द्यायला तिथेच उभे राहायचे.

"काका, खरं सांगा."

"हॅम झकास झालंय."

"ते सोडा. मंचावरून आम्हाला सचोटी शिकवताना, बाबांना ठाऊक होतं का हो?"