खालिदची उरलेली गोष्ट

बाबांना मी भर रस्त्यात, सगळ्या मंडळासमोर शिट्टी मारून मागच्या रांगेत पाठवलं, आणि त्यानंतर महिनाभरात जबलपूर सोडलं. हे आधीच सांगतो. नाहीतर नोकरीसाठी गेलो, असंच तुम्ही समजाल. इतकी वर्षं मीही तेच सांगत आलो.

स्टेशनवर बाबांबरोबर रफीक चाचा आले होते. दोघं एकाच फॅक्टरीत, फॅक्टरीच्या वसाहतीत, इस्टेटमध्ये, क्वार्टरही शेजारी. बाबांनी सुटकेस सीटखाली सरकवली, साखळी घातली, कुलूप ओढून पाहिलं. "पुण्यात जरा जपून बोलजो. काहून-काहून करशील तर हसतील तुला," एवढंच म्हणाले. चाचा खिडकीशी आले. "बेटा, खालिद वाली कहानी तेरी अधूरी रह गई।" मी मान हलवली. गाडी सुटली.

उन्हाळ्यात संध्याकाळी वीज गेली की चाचा अंगणात खाट टाकायचे आणि आम्हा पोरांना खालिद बिन वलीदची गोष्ट सांगायचे. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातला अरब सेनापती. आधी पैगंबरांच्या विरुद्ध लढलेला, मग त्यांच्याच बाजूला आलेला. एका लढाईत एकामागून एक तीन सेनापती पडले, तेव्हा यानं झेंडा उचलला आणि फौज वाचवून परत आणली. त्या दिवशी त्याच्या हातात नऊ तलवारी तुटल्या, असं चाचा सांगायचे आणि आम्ही श्वास रोखायचो. मग ते घसा साफ करून म्हणायचे, "अब सुनो असली बात।" तोवर आम्ही पळालेले असायचो. लढाया संपल्यावर कोण बसणार? बाबा तेवढे बसून राहायचे.

आमच्या मराठी मंडळाचं लेझीम पथक बाबांचं होतं. विसर्जनाला नर्मदेच्या ग्वारीघाटापर्यंत ते पथकाकडे तोंड करून, उलट्या पावलांनी, तोंडात शिट्टी धरून चालत. त्या वर्षी नव्या कमिटीतली पोरं मला म्हणाली, "काकांचा ठेका आता ढिला पडून राहिला यार, तू घे पथक." मी हो म्हटलं. बाबांना कोण सांगणार, यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी चार संधी आल्या, मी चारही जाऊ दिल्या. मिरवणुकीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा पांढरा कुडता घालून नेहमीसारखे पुढे येऊन उभे राहिले. तेव्हा मी माझी शिट्टी फुंकली आणि हात करून ओरडलो, "बाबा, मागं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिट्टी खिशात ठेवली, हातगाडीवरून एक लेझीम उचलली आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. घाटापर्यंत खेळले. माझ्या प्रत्येक शिट्टीवर वळले. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या एक काकू बाजूनं चालताना म्हणाल्या, "वा रे वा! बापाला मागं धाडून लीडर झाला काय?" मला वाटलं, बाबा मुद्दामच खेळताहेत, मला लाजवायला. घरी आम्ही त्यावर बोललो नाही. पुण्याची पहिली नोकरी आली ती मी घेतली.

पुढचं तुमच्यापैकी निघून गेलेल्यांना माहीतच आहे. आधी कॉट बेसिस, मग वन बीएचके, मग लोन काढून फ्लॅट. ऑफिसात 'करून राहिलो' म्हटल्यावर लोक हसले, तेव्हा मी माझी भाषा घासूनपुसून घेतली, इतकी की आई फोनवर विचारायची, "कोण बोलून राहिलं?" विसर्जनाला आमच्या सोसायटीत भाड्याचं पथक येतं. मी बाल्कनीतून पाहतो.

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. बाबांनी फोनवर सांगितलं, आणि मला एकदम वाटलं की ती गोष्ट आता मला कोणी सांगणार नाही. म्हणून पुस्तक आणून वाचली. खालिद ऐन जिंकत असताना खलिफा उमर यांनी त्याला सेनापतिपदावरून काढलं आणि अबू उबैदाला नेमलं. खालिद फौज सोडून गेला नाही, अबू उबैदाच्या हाताखाली लढत राहिला. शेवटी अंगभर जखमांचे वण घेऊन अंथरुणात मेला, रणात मरण आलं नाही याचं त्याला दुःख होतं. पण मी अडलो ते मध्येच. असं सांगतात की, हुकूम हातात आल्यावरही अबू उबैदानं तो काही दिवस कोणाला कळू दिला नाही. चालू लढाईत, खालिदला त्याच्याच माणसांसमोर खाली उतरवायचं नव्हतं.

बाबांनी हे सगळं चाचांकडून शेवटपर्यंत ऐकलेलं होतं.

जानेवारीत जबलपूरला गेलो. आई गेल्यापासून बाबा शहरातच, राइट टाउनला ताईकडे असतात. जवळच्या शहपुऱ्याचा मटार आला होता, गच्चीत आम्ही दोघं सोलत बसलो. विचारायला दुपार गेली.

"बाबा, त्या वर्षी तुम्ही काहून खेळले मागं? घरी निघून यायचं ना."

"अन् मागच्या रांगेचं काय? सगळी नवीन पोरं, ठेका चुकवून राहिली होती. तुला पुढून थोडी दिसत होतं!"

"राग नाही आला?"

"आला ना! आला नाही कसा?" शेंगेतले दाणे त्यांनी तोंडात टाकले. "अरे, घरी चहा पिता-पिता सांगितलं असतं, तर मीच तुझ्या गळ्यात शिट्टी घातली असती. चलो, जाऊ दे. सोल तू."

इस्टेटमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब आहे. पुण्याच्या फ्लॅटला मी पत्ता म्हणतो, घर म्हणायला अजून जीभ वळत नाही. त्या गच्चीत मला वाटलं, ज्या माणसासमोर आपली जुनी चूक अजून मिटलेली नाही, तो जिथे बसला असेल तिथेच आपलं घर असतं; आणि बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत.

"जाऊ नका देऊ, बाबा," मी म्हणालो. "तुम्हाला घरीच सांगायला पाहिजे होतं. मी भिऊन राहिलो होतो, म्हणून नाही सांगितलं, अन् मग सगळ्यांसमोर तुम्हाला खाली पाहायला लावलं. लाजवलं मी तुम्हाला, अन् वरून रागही मीच धरला. चुकलो. माफ करा मला."