काकांच्या मेलबॉक्सपाशी थरथरलेली सीट

भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. या फोरमवर मी आजवर फक्त वाचायला यायचे, आणि खरं सांगायचं तर हसायला. त्यामुळे आज माझ्यावर कुणी हसलं तर तक्रार नाही!

मी इंजिनियर आहे. इथे उत्तर मिनेसोटात रस्त्यावरचा बर्फ सारणारे मोठे ट्रक असतात, स्नोप्लाऊ. वाऱ्याने बर्फ उडून व्हाइटआउट झालं की त्यांच्या ड्रायव्हरना समोर नुसतं पांढरं दिसतं, रस्ता कुठे आणि शेत कुठे कळत नाही. त्यांच्यासाठी आम्ही एक सिस्टिम बनवतोय. स्क्रीनवर रस्त्याच्या कडा दिसतात, आणि पुढे कुणी आलं की रडार ते पकडून ड्रायव्हरची सीट थरथरवतं.

टेस्टिंगपुरती मी सुधाकरकाकांकडे राहत होते. आईच्या ओळखीतले, निवृत्त डॉक्टर, काकू गेल्यापासून एकटेच. माझे लाड करायला त्यांना निमित्त लागायचं नाही. आमचा ट्रक त्यांच्याच घरावरून जायचा. रस्त्याच्या कडेचा मेलबॉक्स बर्फात गाडला गेला तर पोस्टमन टपाल टाकत नाही, म्हणून हे पंचाहत्तरीचे गृहस्थ रोज फावडं घेऊन रस्त्यावर हजर!

"काका, वारा सुटला की बाहेर यायचं नाही हं," मी बजावलं होतं.

"अगं, तुझं मशीन आहे ना बघायला?"

त्या सकाळी आमचा ड्रायव्हर डेल वैतागला होता. रडार प्रत्येक मेलबॉक्सला माणूस समजायचं आणि दर घरापाशी सीट थरथरायची. "आय डोन्ट नीड अ मसाज, हनी," तो म्हणाला. मी मोठी शहाणी! संध्याकाळी सॉफ्टवेअर दुरुस्त करू म्हणत सीटखालच्या मोटरची वायर काढली आणि जॅकेटच्या खिशात टाकली.

साडेनऊच्या सुमाराला वारा सुटला आणि समोरचं सगळं दिसेनासं झालं. रडारवर बर्फ चढला, तेही आंधळं झालं. स्क्रीनवर रस्त्याच्या दोन रेघा तेवढ्या उरल्या. त्यांच्या भरवशावर डेल हळूहळू चालला होता... आणि एकदम त्याने करकचून ब्रेक मारला.

"काय झालं?" मी इंग्रजीत विचारलं.

"सीट! उजव्या बाजूने... केवढ्या जोरात!"

"डेल, ती थरथरूच शकत नाही," म्हणत मी खाली उतरले.

ट्रकच्या बर्फ सारणाऱ्या पात्यापासून दोन हातांवर काका उभे होते. एका हातात फावडं, दुसऱ्यात थर्मास. मेलबॉक्सपाशी थांबलोय असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात ते पार ट्रकच्या वाटेत आले होते.

"आलीस? घे, आलं घातलंय चहात," ते म्हणाले.

मी त्यांना घट्ट धरलं आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडले. मग इतकी ओरडले की डेल ट्रकमधून उतरून बघायला आला. मी रागावले होते ते माझ्यावरच. काका गेले असते, आणि माझ्या हातून गेले असते.

वायर माझ्या खिशातच होती. सिस्टिमची नोंद ठेवणाऱ्या लॉगमध्ये त्या वेळी एकही अलर्ट नाही. पुढचा महिनाभर मी ती सीट खोलली, जोडली, पुन्हा खोलली. डेलला भास झाला म्हणावं, तर नेमका तिथेच कसा? तो आजही शपथेवर सांगतो की सीट थरथरली.

काका आयुष्यभर विज्ञानवाले. त्यांचं आपलं एकच, "बग असणार. शोध."

परवा त्यांचा फोन आला. "सापडला का गं बग?"

"नाही हो काका."

ते म्हणाले, "सापडला तर मला सांग. पण फिक्स मात्र करू नकोस हं."

अजून तरी सापडलेला नाही.