तीन पायऱ्यांसाठी रॅम्प

फळी सहा फुटांची होती. तिचं एक टोक शाळेच्या व्हरांड्यावर टेकवलं होतं, दुसरं अंगणात. ऋचा कुणाकडून तरी मागून आणलेल्या व्हीलचेअरवर बसली होती आणि मी मागून ढकलत होते. निम्म्यावर गेल्यावर माझे हात भरून आले. खुर्ची मागं सरकायला लागली.

‘‘काकू, सोडू नका हं,’’ ती म्हणाली. ‘‘कळलं मला. हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे.’’

हे मी तिला आदल्या दिवशी कागदावर सांगितलं होतं. पण करून बघितल्याशिवाय तिचं समाधान होत नाही.

ऋचा आमच्या उस्मानपुऱ्यातल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. तेव्हा नुकतीच अकरावी झाली होती. स्काऊट-गाईडच्या वरच्या प्रमाणपत्रासाठी तिला एक सेवाकार्य स्वतः आखायचं होतं, आपल्या तुकडीकडून पुरं करून घ्यायचं होतं आणि जून संपायच्या आत रिपोर्ट द्यायचा होता. मी सिव्हिल इंजिनिअर. वाळूजच्या एका कारखान्यात बिल्डिंग मेंटेनन्स बघते. शेड, रस्ते, नाल्या, गळकी छतं. म्हणून ती वही घेऊन माझ्याकडं आली.

शाळा वाळूजच्या पुढच्या एका गावातली होती; ऋचाच्या तुकडीचं शिबिर तिथं झालं होतं. तिथं दीपाली नावाची सहावीतली मुलगी. तिला चालता येत नाही आणि व्हरांड्याला तीन पायऱ्या. वडील कारखान्यात शिफ्टवर. सेकंड शिफ्ट असली की सकाळी ते तिला उचलून वर्गात बसवायचे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते पहाटेच घराबाहेर. आईला खुर्ची ढकलता यायची, पण पाठीच्या दुखण्यामुळं मुलीला उचलता येत नव्हतं. शिक्षक उचलायला तयार होते. पण दीपाली मोठी होत होती, वडिलांखेरीज कुणी उचललेलं तिला आवडायचं नाही. हे तिनं फक्त ऋचाला सांगितलं होतं. त्या आठवड्यात ती घरीच राहायची.

रॅम्पचा हिशेब साधा आहे. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते. आम्ही त्याला ‘एकास बारा’ म्हणतो. तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प. व्हरांड्यासमोर हापशापर्यंत जागा होती बारा फूट. ऋचानं दोन दिवस कागद खराब केले आणि रॅम्प दुमडला. नऊ फूट भिंतीला धरून, मग खुर्ची वळवायला सपाट चौथरा, आणि वळून शेजारूनच नऊ फूट खाली. मला ते ड्रॉइंग बघून खरंच आनंद झाला.

पाया मी सांगितला. एक फूट खोल खणायचं, दगड-काँक्रीट भरायचं, त्यावर विटांच्या भिंती, मध्ये मुरूम, वर काँक्रीट. हलकं काम आहे, एवढं बास. असे कितीतरी रॅम्प मी कारखान्यात केलेत.

मे महिन्यातल्या एका रविवारी आखणी करायला गेलो. मी चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढत होते. ऋचा वर्गाच्या दाराशी उकिडवी बसली होती. मुख्याध्यापक मोरे सर शेजारी उभे होते.

‘‘सर, फरशीवर हा अर्धगोल ओरखडा कशाचा?’’

‘‘दाराचा. पावसाळ्यात घासतं ते. दिवाळीनंतर हळूहळू सुटतं. दर वर्षीचंच आहे.’’

‘‘लाकूड फुगतं पाण्यानं,’’ मी मान वर न करता म्हणाले.

‘‘काकू, दार लोखंडी आहे.’’

मी उठून बघितलं. पत्र्याचं दार. मग भिंतीला वळसा घातला. कोपऱ्यात एक तिरकी भेग होती, दोनदा लिंपलेली आणि दोनदा पुन्हा उकललेली. दार फुगत नव्हतं. खालची जमीन फुगत होती.

आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. मोठी इमारत वजनानं तिला थोडीफार दाबून धरते. रॅम्पसारखं हलकं काम ती सहज उचलते आणि फोडते. हे मी कॉलेजात शिकले होते. पण आमच्या कारखान्याखाली कडक मुरूम आहे. इतक्या वर्षांत माझ्या पायाखालची जमीन कधी हललीच नव्हती, म्हणून मी विचारलंच नाही.

‘‘पण किती फुगते? मोजता येतं?’’ ऋचानं विचारलं.

येतं. वाळवून चाळलेली माती सारख्या मापानं दोन उंच ग्लासांत टाकायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलनं माती फुगत नाही, त्यामुळं फरक दिसतो. रॉकेल मिळवायला तिच्या वडिलांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी ती दोन्ही ग्लास घेऊन माझ्या दारात. पाण्यातली माती जवळजवळ दुप्पट झाली होती.

‘‘काकू, मातीला एवढी ताकद येते कुठनं?’’

त्यावर आमची तासभर चर्चा झाली. माझा स्वयंपाक राहिला.

शाळेत एक खड्डा खणून बघितला. चार फुटांवर मुरूम लागला. म्हणजे वरची काळी माती पूर्ण काढून तिथं मुरूम थराथरानं ठोकून भरायला हवा होता. शाळेच्या पायाला धक्का नको म्हणून यंत्र लावायचं नाही. हातानं, थोडं खणायचं आणि लगेच भरायचं. गवंडी शेख मिस्त्री फक्त रविवारी मोकळे. जूनमध्ये संपणं शक्यच नव्हतं.

मोरे सर नाराज झाले. ‘‘मॅडम, शाळा सुरू होताना उद्घाटन ठरलंय. तीन पायऱ्यांसाठी विहीर खणायची का?’’

शेख मिस्त्रींनी मधला मार्ग काढला. ‘‘मॅडम, ऊपर से व्हरांडे को जोड देते. सळई डालके. फिर किधर जाता?’’

‘‘जोडलं तर एक उचलताना दुसऱ्याला ओढेल, भाई. दोन्ही फुटतील.’’

मी ऋचाकडं बघितलं. काम तिचं होतं. रिपोर्ट चुकला तर प्रमाणपत्र वर्षभर लांबणार होतं. एक फुटाच्या पायावर रॅम्प वेळेत झाला असता, फोटोही चांगले आले असते. पहिला पावसाळा होईपर्यंत कुणाला काही कळलं नसतं.

‘‘दीपालीच्या आईला विचारते,’’ ती म्हणाली.

बाई घरापुढं ज्वारी पाखडत होत्या. ऋचानं सगळं नीट समजावलं, उशीर होईल हेही. त्यांनी सूप खाली ठेवलं.

‘‘लई दिवस लागतील व्हय?’’

‘‘महिना-दीड महिना जास्त.’’

‘‘लागू दे. पण फुटलेलं नको बाई. चाक आडकून पोरगी तोंडावर पडली तर पुन्हा त्या खुर्चीत बसायची नाय.’’

परत येताना रिक्षात बसल्यावर ऋचानं वही काढली, आधीचं वेळापत्रक खोडलं आणि नवीन लिहिलं.

दर रविवारी तिच्या तुकडीतल्या मुली आणि गावातली माणसं मिळून खणायची. मुरूम ठोकून ठोकून सगळ्यांच्या तळहाताला फोड आले. रॅम्प आणि व्हरांडा यांच्यात इंचभर फट ठेवली. तिच्यावर खरखरीत लोखंडी पट्टी टाकली, एका बाजूलाच पक्की केलेली, म्हणजे जमीन हलली तर पट्टी सरकेल आणि चाक अडकणार नाही. शेख मिस्त्रींना ती पट्टी शेवटपर्यंत पटली नाही. पण बसवली त्यांनीच, आणि अगदी सरळ.

जुलैच्या शेवटी काम संपलं. उद्घाटन राहूनच गेलं. दीपालीच्या आईनं खुर्ची वर नेली, चौथऱ्यावर वळवली आणि त्या वर्गात गेल्या. आत गणिताचा तास चालू होता. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. दीपालीनं वही उघडली.

पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा गेलो. व्हरांडा बोटभर वर आला होता. रॅम्प जिथल्या तिथं होता, पट्टी सरकली होती. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यांतही दीपालीची हजेरी लागत होती. ऋचाला प्रमाणपत्र पुढच्या वर्षी मिळालं.

मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं माणूस उत्तरं फार पटकन द्यायला लागतो. ती जरा उशिरा द्यावीत, आधी जागेवर जाऊन यावं.